रोमिओची घाई आणि वडिलांचा उशीर



महाविद्यालयात नाटके शिकविण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. दरवर्षी नवी मुले येतात, तेच नाटक पुन्हा उघडतो, आणि दरवर्षी वर्गातून एक प्रश्न हटकून येतो. ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’चा शेवटचा अंक संपला, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, “सर, तो अर्धा तास थांबला असता तर?” सगळा वर्ग हसतो. पहिली काही वर्षे मीही हसत असे आणि म्हणत असे, “थांबला असता तर नाटक झाले नसते, आणि तुम्हांला परीक्षेला एक प्रश्न कमी आला असता.” पुढे पुढे मात्र माझे हसणे कमी होत गेले. प्रश्न विचारणारी मुले स्वतःच त्या वयाची होती, आणि त्यांना उत्तर खरोखरच हवे होते.

आज आपल्यापुढे त्या प्रश्नाचा इतिहास मांडावा असा विचार आहे. शोकांतिकेतली तरुण माणसे घाई का करतात, याचे उत्तर जगाने निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले. कुणी म्हणाले, नियती. कुणी म्हणाले, वडीलधाऱ्यांची अवज्ञा. कुणी म्हणाले, रक्तातली उष्णता. आणि गेल्या काही दशकांत विज्ञान म्हणू लागले आहे की, मेंदूची बांधणी अजून पुरी व्हायची असते म्हणून. या शेवटच्या उत्तराने बरेच काही उलगडते. परंतु सगळेच उलगडते का, हेही पाहावे लागेल.

प्रथम शेक्सपिअरकडेच जाऊ. ही गोष्ट त्याची स्वतःची नव्हे. ती इटलीतली. लुईजी दा पोर्तो, बांदेल्लो यांच्या हातून ती फ्रेंचमध्ये गेली, आणि फ्रेंचमधून आर्थर ब्रुक नावाच्या कवीने १५६२ साली तिचे इंग्रजीत लांबलचक काव्य केले. शेक्सपिअरपुढे मुख्यतः हे काव्य होते. सामान्य लेखक मूळ कथेत काय बदलतो त्यावरून त्याची सोय कळते, मोठा लेखक काय बदलतो त्यावरून त्याचा विचार कळतो. शेक्सपिअरने केलेल्या बदलांपैकी तीन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल वयाचा. ब्रुकच्या काव्यात ज्यूलिएट सोळाच्या आसपासची आहे, आणि त्याच सुमारास पेंटरने गद्यात सांगितलेल्या कथेत ती अठराची आहे. शेक्सपिअरने तिला चौदालाही पोहोचू दिलेले नाही. आणि हे वय त्याने ओझरते सांगितलेले नाही. दाईच्या तोंडी एक लांबच लांब आठवण घालून, अमक्या सणाच्या आदल्या रात्री ती चौदाची होईल, असे त्याने प्रेक्षकांच्या मनावर ठसविले आहे.

दुसरा बदल काळाचा. ब्रुककडे ही कथा महिनेच्या महिने चालते. गुप्त विवाहानंतरही ती दोघे महिना-दोन महिने चोरून भेटत राहतात, आणि मग तो घातकी झगडा होतो. शेक्सपिअरने हा सारा कारभार रविवार सकाळपासून गुरुवार पहाटेपर्यंत आणून बसविला. रविवारी रात्री ओळख, सोमवारी दुपारी लग्न, आणि लग्नाला काही तास होतात न होतात तोच खून.

तिसरा बदल दृष्टीचा. ब्रुक आपल्या काव्याच्या आरंभी वाचकाला बजावतो की, आईबापांचा सल्ला झुगारून वासनेच्या मागे लागलेल्या दोन अभाग्यांची ही कथा आहे आणि तिच्यापासून धडा घ्यावा. शेक्सपिअरने हा उपदेश काढून टाकला. त्याच्या प्रारंभीच्या निवेदनात दोष मुलांकडे जात नाही, तो दोन घराण्यांच्या जुन्या वैराकडे जातो.

मुले अधिक लहान केली, वेळ कमी केला आणि दोषाचा रोख मोठ्यांकडे वळविला. हे तिन्ही बदल एकाच दिशेने जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याला वाटते, त्या काळी तेराव्या वर्षी लग्न ही तिकडेही रीतच असेल, प्रेक्षकांना त्यात काय विशेष? वस्तुस्थिती तशी नव्हती. धर्मनियमाप्रमाणे मुलीला बाराव्या आणि मुलाला चौदाव्या वर्षी विवाह करता येई, हे खरे. परंतु चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांचा अभ्यास झाला आहे, त्यावरून दिसते की, सामान्य इंग्रज स्त्री-पुरुष सरासरीने पंचविशीच्या आसपास लग्न करीत. १५६३ च्या कायद्याने तर शहरातल्या शिकाऊ उमेदवाराची उमेदवारी चोविसाव्या वर्षाआधी संपू नये असे ठरविले होते, आणि उमेदवारी संपेपर्यंत लग्न नाही. स्वतः शेक्सपिअरने अठराव्या वर्षी, १५८२ साली, आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या ॲनशी लग्न केले, ते त्या काळाच्या मानाने लवकरच. आणि हे नाटक लिहिले त्या सुमारास, म्हणजे १५९५ च्या मागेपुढे, त्याची थोरली मुलगी सुझॅना बारा वर्षांची होती. लिहिताना त्याच्या मनात काय होते हे आपण सांगू शकत नाही. पण तेरा वर्षांची मुलगी म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसणार एवढे खास.

नाटकगृहात उभे राहून पाहणाऱ्यांत हेच शिकाऊ उमेदवार पुष्कळ असत. अंगात जोर, घरापासून दूर, लग्नाला बंदी, खिशात पैसा नाही, आणि सोबतीला आपल्यासारखेच दहा जण. १५९५ च्या जूनमध्ये लंडनला या पोरांनी दंगे केले आणि त्यांपैकी काहींना फासावर चढविण्यात आले. तेव्हा रस्त्यात तलवारी उपसणारी व्हेरोनाची पोरे ही लंडनकरांना परक्या देशातली वाटली नसतील. पुढे ‘विंटर्स टेल’ नाटकात शेक्सपिअरने एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तोंडून गमतीने म्हणवून घेतले आहे की, दहा आणि तेवीस यांच्यामधले वय नसतेच, किंवा पोरांनी ते झोपूनच काढले असते, तर बरे झाले असते. छापील प्रतीतला ‘दहा’ हा आकडा बदलून पुष्कळ संपादक तेथे ‘सोळा’ असे वाचतात, पण ‘तेवीस’ला कुणी हात लावलेला नाही. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला त्याचे पुढे काम आहे.

तारुण्याला हे दूषण देणारा शेक्सपिअर पहिला नव्हे. त्याच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षे ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात तरुण, वृद्ध आणि मध्यमवयीन अशा तिघांचे स्वभाव रेखाटले. तरुण माणसे तापट, इच्छांना बळी पडणारी, चटकन विरघळणारी. त्यांचे भविष्य मोठे आणि भूतकाळ तोकडा, म्हणून ती आशेवर जगतात. जे करतील ते टोकाचे करतील. आणि कारण? मद्याने माणूस जसा तापतो, तसे तरुणांना निसर्गानेच तापविलेले असते, असे त्याचे म्हणणे. शरीर तिशी-पस्तिशीत पूर्णत्वाला येते आणि मन एकोणपन्नासाच्या सुमारास, असाही हिशेब त्याने मांडला आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी ज्यांची पन्नाशी उलटून गेली आहे, त्यांनी मनाशी खूश व्हायला हरकत नाही. मात्र त्याच ॲरिस्टॉटलने म्हाताऱ्यांना संशयी, भित्रे आणि पैशाला जपणारे म्हटले आहे, हेही जाता जाता सांगितलेले बरे.

ही उष्णतेची उपपत्ती दोन हजार वर्षे टिकली. नंतर १९०४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल याने ‘ॲडोलेसन्स’ नावाचा दोन खंडांचा ग्रंथ लिहून किशोरावस्थेला शास्त्राचा स्वतंत्र विषय केले. हे वय म्हणजे वादळाचे आणि ताणाचे, असे तो म्हणाला. वादळ आहे हे सर्वांनाच दिसत होते. ते उठते कोठून, हे सांगायला मात्र आणखी पाऊणशे वर्षे लागली.

१९७९ साली पीटर हटनलोकर नावाच्या डॉक्टराने मृत व्यक्तींच्या मेंदूतील, कपाळामागच्या भागातील, चेतापेशींचे परस्परांशी असलेले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्याला असे आढळले की, एक-दोन वर्षांच्या बालकात या सांध्यांची दाटी मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट असते, आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी कमी होत जाते. वाढत्या वयात सांधे वाढावेत, ते कमी कसे होतात? आपल्याकडे ज्यांनी द्राक्षबाग पाहिली आहे त्यांना हे कोडे पडायचे नाही. एप्रिलात खरड छाटणी झालेली बाग पाहणाऱ्याला उजाड वाटते, पण न छाटलेल्या वेलीला नुसता पाला येतो. मेंदूचेही तसेच आहे. वापरातले मार्ग राहतात, बिनवापराचे झडतात, आणि राहिलेल्या मार्गांवर मायलिन नावाचे पांढरे वेष्टण चढून निरोप जलद जाऊ लागतात.

पुढे जिवंत मेंदूची छायाचित्रे घेणारे एमआरआय यंत्र आले. जे गीड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाढत्या वयाच्या मुलांचे मेंदू काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहिले आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपाळामागच्या भागातील करडे द्रव्य मुलींमध्ये अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत अधिक असते, आणि तेथून त्याची छाटणी सुरू होते. ही छाटणी आणि वेष्टणाचे काम विशीतही चालू राहते. मेंदूचा हा भाग कशासाठी, तर पुढचामागचा विचार करण्यासाठी, उसळी आवरण्यासाठी. उलट सुख, भीती, राग, बक्षिसाची ओढ यांची केंद्रे मेंदूत खोल असतात, आणि वयात येताच त्यांना जोराची भरती येते. म्हणजे घोडे तेराव्या वर्षी उधळू लागतात, आणि लगाम विशीत जाऊन कोठे पक्का होतो. मघाचा मेंढपाळाचा तेवीसचा आकडा आठवा. यंत्रे नव्हती, पण म्हाताऱ्याची नजर शाबूत होती.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो सुटला की साराच विचार चुकतो. किशोरवयीन मुलाला अक्कल नसते असे विज्ञान म्हणत नाही. शांत खोलीत, वेळ देऊन, तर्काचा प्रश्न विचारला तर सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाइतकेच बरोबर उत्तर देतो. फरक पडतो तो डोके तापलेले असताना, वेळ नसताना, आणि विशेषतः बरोबरीचे सवंगडी पाहत असताना. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. संगणकावर मोटार हाकण्याचा खेळ, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की दामटायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस, आणि चोविसाच्या पुढचे, असे तीन गट. काहींनी एकट्याने खेळायचे, काहींनी समवयस्क सोबत्यांच्या देखत. सोबती जवळ असताना लहान वयाच्यांनी पत्करलेला धोका लक्षणीय वाढला, मोठ्यांवर तो परिणाम फारसा झाला नाही.

हे मनात ठेवून आता नाटकाच्या तिसऱ्या अंकातला पहिला प्रवेश पाहा. भर दुपार आहे, ऊन तापलेले आहे. बेनव्होलिओ म्हणतोच की, अशा उकाड्यात रक्त उसळते, आपण घरी जाऊ या. तेवढ्यात टायबल्ट येतो आणि रोमिओला आव्हान देतो. रोमिओ काय करतो? लढत नाही! नुकतेच त्याचे लग्न झाले आहे, टायबल्ट आता त्याचा नातेवाईक आहे, आणि अपमान गिळून तो गोड शब्दांत नकार देतो. तर्क शाबूत आहे, माया शाबूत आहे. पण बरोबर मर्क्युशिओ आहे, त्याला हा नकार नामर्दपणाचा वाटतो, आणि तो तलवार उपसतो. रोमिओ मध्ये पडतो, त्याच्या हाताखालून टायबल्ट मर्क्युशिओला भोसकतो. मित्र मेला, तोही आपल्यामुळे, आणि प्रेमाने आपल्याला बायकी केले ही टोचणी मनात. टायबल्ट परत दिसताच रोमिओचा लगाम तुटतो. शांत खोली आणि तापलेला रस्ता, एकटा मुलगा आणि चार सोबत्यांच्या देखतचा मुलगा, यांतला फरक शेक्सपिअरने एका प्रवेशात मांडला आहे.

मग प्रश्न सुटला म्हणायचा का? मेंदू अपुरा होता, म्हणून शोकांतिका झाली, असे लिहून उत्तरपत्रिका द्यावी का? मला तसे वाटत नाही. एक तर रोमिओला मेंदूच नाही. तो कागदावरचा आहे, त्याचे छायाचित्र कोणते यंत्र घेणार? त्याचा मेंदू म्हणजे शेक्सपिअरने पाहिलेली माणसे. दुसरे, विज्ञानातले आकडे सरासरीचे असतात. पंचविसाव्या वाढदिवशी सकाळी शहाणपण घरपोच येते असे नव्हे. कुणाला ते पंधराव्या वर्षी येते आणि कुणाला साठाव्या वर्षीही येत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या नाटकात सर्वांत मोठी घाई करणारा माणूस तरुण नाहीच. तो ज्यूलिएटचा बाप आहे.

रविवारी हा गृहस्थ पॅरिसला सांगतो, पोर लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तिची संमती घ्या. सोमवारी रात्री तोच, मुलीला न विचारता, गुरुवारचे लग्न ठरवितो. मंगळवारी मुलगी नकार देते, तेव्हा तिला फरफटत नेण्याची आणि रस्त्यावर भीक मागत मरायला सोडण्याची भाषा करतो. आणि संध्याकाळी ती खोटा होकार देते, तेव्हा आनंदाच्या भरात लग्न गुरुवारचे बुधवारवर ओढतो. या एका दिवसाने सारा घात झाला. त्यामुळे औषध एक रात्र आधी घ्यावे लागले, आणि रोमिओकडे निरोप पोहोचायला जो अवधी होता तो तोकडा पडला. निरोप घेऊन निघालेला साधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला. प्रेक्षकांना यातले काही समजावून सांगावे लागले नसेल, कारण १५९२-९३ च्या प्लेगने लंडनची नाटकगृहे बंद पडली होती.

म्हणजे एकीकडे वडिलांची घाई आणि दुसरीकडे वडिलांचा उशीर. ज्यूलिएटला बापाने झिडकारले, आईने तुझ्याशी बोलायचेच नाही म्हणून पाठ फिरविली, आणि जिच्या मांडीवर ती वाढली त्या दाईने, पहिला नवरा आता असून नसल्यासारखा, दुसऱ्याशी लग्न कर, असा सल्ला दिला. अर्ध्या घटकेत तीन मोठी माणसे तिच्या हातून गेली. त्यानंतर तिने जे केले त्याला आपण अविचार म्हणतो.

याच्या उलट एक प्रवेश आहे, तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. हद्दपारीची शिक्षा ऐकून रोमिओ साधूच्या कोठडीत जमिनीवर लोळण घेतो आणि स्वतःवर सुरी उगारतो. पण तेथे तो एकटा नाही. सुरी काढून घेतली जाते. साधू आधी खडसावतो, मग तू जिवंत आहेस, ती जिवंत आहे, शिक्षा मृत्यूची नाही, असे एकेक करून समजावतो, आणि शेवटी आज रात्री काय करायचे, उद्या कोठे जायचे, हे नेमके सांगतो. काही मिनिटांत तोच पोरगा उठून उभा राहतो. म्हणजे तो आवेग टळण्याजोगा होता! दोन दिवसांनी कबरस्तानात तोच आवेग पुन्हा आला, तेव्हा जवळ कोणी नव्हते. नोकर बाल्थाझार, जरा धीर धरा, असे म्हणत होता, त्याला त्याने दटावून दूर केले होते. साधू पोहोचला तेव्हा रोमिओला आत जाऊन अर्धा तास झाला होता, असे बाल्थाझारच सांगतो. माझ्या वर्गातल्या मुलांचा अर्धा तास तो हाच. आणि एवढे करून साधू बाहेरचा आवाज ऐकून घाबरला, आणि नुकत्याच जाग्या झालेल्या ज्यूलिएटला प्रेतापाशी एकटी सोडून निघून गेला.

हाच धागा मागे ग्रीसपर्यंत जातो. सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमाराचे. राजा क्रेऑन अँटिगनीला जिवंत गाडण्याची शिक्षा देतो. त्याचा मुलगा हेमॉन हा तिचा नियोजित वर. तो बापापुढे येतो तेव्हा किती शांतपणे बोलतो! पुरात वाकणारे झाड वाचते, ताठ उभे राहणारे मुळासकट जाते, असे आर्जवाने सांगतो. बाप काय म्हणतो? या वयात मी या पोराकडून अक्कल शिकायची का? मग मात्र मुलाचा तोल जातो आणि तो निघून जातो. वृद्धांचे गायकवृंद राजाला सावध करते की, त्या वयाच्या मनाला दुःख झाले की ते भयंकर असते. राजा म्हणतो, जाऊ दे. पुढे त्याला उपरती होते, पण तो आधी प्रेताचे संस्कार उरकतो आणि मग मुलीला सोडवायला जातो. तोवर तिने जीव दिलेला असतो, आणि मुलगा बापाच्या डोळ्यांदेखत मरतो. येथे थंड डोक्याने बोलणारा तरुण आहे आणि हट्टाला पेटलेला प्रौढ. नियतीचे नाव ग्रीक नाटकात मोठे, पण या नाटकात तिला फारसे श्रम पडलेले दिसत नाहीत.

आणखी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर जर्मन नाटककार वेडेकिंड याचे ‘वसंताची जाग’ घ्या. १८९१ साली छापलेल्या या नाटकाला त्याने ‘मुलांची शोकांतिका’ असेच म्हटले. रंगभूमीवर ते बर्लिनला १९०६ मध्ये आले. त्यात मोरिट्झ नावाचा शाळकरी मुलगा अभ्यासात मागे पडतो. घरी तोंड कसे दाखवायचे या भीतीने तो मित्राच्या आईला पत्र लिहून अमेरिकेला पळून जाण्यासाठी पैसे मागतो. बाई मायाळू आहे, शिकलेली आहे. ती उत्तर लिहिते, पैसे देणे योग्य होणार नाही, खचून जाऊ नकोस. पत्रातला शब्द न् शब्द शहाणपणाचा आहे. चूक एकच, ते पत्र आहे! त्या घडीला पोराला पत्र नको होते, समोर बसणारे माणूस हवे होते. तो जीव देतो, आणि मग शिक्षकमंडळ बैठक भरवून दोष त्याच्या मित्रावर ठेवते.

आपल्या मराठी रंगभूमीवरही या प्रश्नाला एक उत्तर दिले गेले आहे, आणि ते आशेचे आहे. गोविंद बल्लाळ देवल यांची ‘शारदा’ १८९९ ची. पैशापायी बाप मुलीला पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. लग्न मोडते खरे, पण मुलीला ना माहेर उरते ना सासर, आणि ती जीव द्यायला निघते. देवलांनी ही शोकांतिका होऊ दिली नाही. कोदंड वेळेवर पोहोचतो. नाट्यशास्त्रज्ञ म्हणतील, हा सोयीचा शेवट झाला. मला तो तसा वाटत नाही. साधू अर्धा तास उशिरा पोहोचला आणि कोदंड वेळेवर पोहोचला, एवढ्यावर एका मुलीचा जीव अवलंबून असतो, हे दोन्ही नाटके मिळून सांगतात. पुढे १९२९ साली मुलीच्या लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविणारा कायदा झाला. तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, परंतु मराठी माणसाच्या तोंडी तो ‘शारदा कायदा’ झाला. नाव चुकले, पण चूक गोड आहे. १९७८ मध्ये हे वय मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झाले.

कायद्याच्या दारातही हा प्रश्न आता मेंदूचे दाखले घेऊन उभा राहतो. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अठरा वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी देहदंड देता येणार नाही, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. या वयाची अपक्वता आणि सवंगड्यांच्या दडपणाला बळी पडण्याची वृत्ती हे त्या निकालातले महत्त्वाचे मुद्दे होते. आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने उलट दिशेने एक पाऊल टाकले. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक चौकशीनंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालविता येतो. या दोहोंत बरोबर कोण, हा वाद या व्यासपीठावर मिटणारा नव्हे. पण दोन्हीकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण सांगणे म्हणजे सबब देणे नव्हे. टायबल्ट मेला तो मेलाच, आणि रोमिओलाही शिक्षा झाली. मेंदूचे शास्त्र दोष पुसत नाही. दोषातला आपला वाटा किती, हे विचारायला ते भाग पाडते.

श्रोतेहो, शेवटी त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर. रोमिओ अर्धा तास थांबला असता तर? आज मी वर्गात असे सांगतो : त्याला थांबता येत नव्हते, ते त्याचे वय होते. म्हणून प्रश्न बदलून विचारा. साधू अर्धा तास आधी पोहोचला असता तर? बापाने लग्न एक दिवस अलीकडे ओढले नसते तर? आई दोन शब्द बोलली असती तर? नाटककारांनी ही नाटके लिहिली ती तरुणांना भीती घालण्यासाठी नव्हेत, असे मला वाटते. ती मोठ्यांना हलविण्यासाठी लिहिली.

ही व्याख्यानमाला संपेल तोवर दहावी-बारावीचे निकाल लागायचे दिवस येतील. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, शेजारी, वाड्यात, सोसायटीत चौदा-पंधरा-सोळा-सतरा वर्षांचे कोणीतरी आहे. एखादे दार आतून बंद असेल, जेवायला हाक मारल्यावर उत्तर येत नसेल. त्या वेळी शहाणपणाचे पत्र लिहू नका, आणि उद्या बोलू असेही म्हणू नका. उठा, दार ठोठवा, आत जाऊन जवळ बसा. काय बोलायचे ते न सुचले तरी चालेल. नाटकात जो अर्धा तास कमी पडला, तो आपल्या हाती असतो.